केसपेपरात नसलेली नोंद

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना चोवीस तास सांभाळणाऱ्या केंद्रांत दिवेलागण ही सगळ्यांत कठीण वेळ. उजेड कमी होतो तशी अस्वस्थता वाढते. कुणी ‘मला घरी जायचंय’ म्हणत दाराशी उभं राहतं, कुणी वारून कितीतरी वर्षं झालेल्या आईला शोधत फिरतं. नेमक्या याच वेळी आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी टीव्हीवर किंवा स्पीकरवर आरत्या लावल्या जातात आणि रुग्णांची आध्यात्मिक गरज भागली असं धरलं जातं. माझ्या मते ती भागत नाही. आध्यात्मिक काळजी म्हणजे खोलीत लावून ठेवायचा आवाज नव्हे. त्या एका माणसाचं आयुष्य माहीत करून घेऊन आंघोळ घालताना, भरवताना, झोपवताना दुसऱ्या माणसाने करायचं ते काम आहे. म्हणून ते मावशींच्या रोजच्या कामात बसलं पाहिजे आणि औषधांच्या वेळांसारखं लिहिलेलं असलं पाहिजे.

स्वीडनमध्ये एव्हा गॉटेल आणि सहकाऱ्यांनी या शतकाच्या सुरुवातीला केलेला एक अभ्यास इथे उपयोगी पडतो. रुग्णांना सकाळी उठवणं, धुणंपुसणं, कपडे घालणं ही कामं तीन प्रकारांनी करून त्यांचं चित्रण केलं गेलं: नेहमीसारखी, मागे संगीत लावून, आणि काळजीवाहिकेने स्वतः गात गात. नुसत्या संगीतानेही फरक पडला. पण काळजीवाहिका स्वतः गाऊ लागली तेव्हा ‘हात वर करा, आता पाय पुढे’ अशा सूचना फारच कमी झाल्या, आणि तरीही पुढे काय करायचं ते रुग्णांना उमजत असल्याचं दिसलं. अभ्यास लहान होता. शिवाय तो गाण्याचा होता, प्रार्थनेचा नव्हे. त्यावर मोठे इमले बांधू नयेत. पण एक गोष्ट त्यातून नीट कळते. स्पीकर समोरच्याचा श्वास पाहून थांबत नाही, मावशी थांबते. हरिपाठाचं चरण अर्ध्यावर सोडून ती वाट पाहू शकते, आणि उरलेलं अर्धं कधीकधी पलंगावरून येतं.

ते येतं याला कारण आहे. नव्या घटनांची नोंद ठेवणारा मेंदूतला हिप्पोकॅम्पस अल्झायमरमध्ये लवकर पोखरला जातो. हाताच्या आणि जिभेच्या जुन्या सवयी मेंदूच्या वेगळ्या भागांवर उभ्या असतात आणि तुलनेने उशिरापर्यंत टिकतात. सकाळचा चहा झाला की नाही हे न सांगता येणारी बाई रामरक्षा न अडखळता म्हणून जाते ती त्यामुळे. यावर सरळ आक्षेप असा की, मग ही नुसती सवय झाली. हिच्यात अध्यात्म कुठे आहे? न्यूरॉलॉजिस्ट ऑलिव्हर सॅक्स यांनाही हाच प्रश्न पडला होता. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात एका माजी खलाशाची हकीगत आहे. त्याला अल्झायमर नव्हता, मद्यपानाशी जोडलेला कोर्साकॉफ विकार होता, आणि काही क्षणांपूर्वीचंही त्याला आठवत नसे. याला आत्मा उरला आहे का, असं सॅक्स यांनी शुश्रूषा करणाऱ्या नन्सना विचारलं. त्या म्हणाल्या, त्याला चॅपलमध्ये पाहा. तिथे त्यांना दिसलेला माणूस विखुरलेला नव्हता, प्रार्थनेत पूर्ण गुंतलेला होता. पुढे बागकामात आणि संगीतातही तो तसाच एकाग्र होताना दिसला. सॅक्स भाविक नव्हते, म्हणून ही साक्ष मला मोलाची वाटते.

आणि आपल्या परंपरेत तर हा आक्षेप फारच लंगडा पडतो. नामस्मरणाचा पायाच पुनरुक्ती हा आहे. अर्थ कळल्याशिवाय नाम घेऊ नये अशी अट वारकऱ्याला कुणी घातली नव्हती. पोकळ पाठांतरावर संतांनीही कोरडे ओढले आहेत हे खरं, पण त्यांचा रोख दांभिकांवर होता. दंभ करायला लागणारी स्मरणशक्तीच ज्याची गेली, त्याच्यावर तो आरोप कसा ठेवणार?

धर्म लादला जाईल ही भीती मात्र खरी आहे, आणि सामूहिक आरतीत ती सर्रास खरी ठरते. आयुष्यभर विवेकवादी चळवळीत वावरलेल्या गृहस्थांच्या हातात टाळ देऊन ‘बघा, कसे रमले’ म्हणणं हा त्यांचा अपमान आहे. त्यांची संध्याकाळ वर्तमानपत्र वाचून दाखवण्याने किंवा चळवळीतल्या गाण्याने सावरेल. १९५६ नंतर बौद्ध झालेल्या घरातल्या आजीला त्रिसरण-पंचशील हवं, आणि वसईतल्या आजीला रोझरी. नेदरलँड्समध्ये संस्थेत राहणाऱ्या रुग्णाला त्याच्या धर्माला किंवा जीवनदृष्टीला जुळणारी सोबत मिळावी, असं कायदाच सांगतो. तिथल्या शुश्रूषागृहांत हे काम करणाऱ्यांत मानवतावादी, म्हणजे देव न मानणारे समुपदेशकही असतात.

श्रद्धेची एक अवघड बाजू बोलायची राहते. रोग बळावला की आयुष्यभर आवरलेलं उघडं पडतं. एखादे आजोबा मावशीची जात काढतात, तिच्या हातचं पाणी नाकारतात. हा हट्ट ‘त्यांचे संस्कार’ म्हणून पुरवणं मला मान्य नाही. आजारी माणसावर राग धरू नये, पण मावशीची बाजू संस्थेने ठामपणे घ्यावी. मधुमेही आजी रोजच एकादशी आहे म्हणते तेव्हा मात्र भांडण नको. साबुदाण्याऐवजी वरीचा भात-आमटी बेताने वाढून डॉक्टरांच्या सल्ल्याने इन्सुलिनचं गणित सांभाळता येतं.

‘डायपर बदलायला माणूस नाही, अध्यात्म कुठून आणू?’ असं व्यवस्थापक म्हणतील. अडचण खोटी नाही. ‘लासी-डॅड’ अभ्यासाच्या अंदाजानुसार भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, आणि प्रशिक्षित हात थोडे आहेत. पण अस्वस्थ रुग्णाला शांत करायला दुसरा मार्ग औषधांचा, आणि तो निर्धोक नाही: नव्या पिढीतल्या अँटिसायकोटिक गोळ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला. आंघोळ घालायचीच असते. ती घालताना ओळखीचं स्तोत्र म्हणायला वेगळा माणूस लागत नाही. अर्थात, ओरडणाऱ्या रुग्णापाशी अभंग म्हणण्याआधी लघवीचा जंतुसंसर्ग, दुखरा दात, तुंबलेलं पोट तपासलं पाहिजे. प्रार्थना दुखण्यावरचा पडदा होता कामा नये.

प्रवेशाच्या वेळी केंद्रं रक्तगट, औषधं, ॲलर्जी सगळं विचारतात. घरच्यांनी त्यासोबत एक पान स्वतःहून लिहून द्यावं: पहाटे काय म्हणत, कुठल्या दैवताचं की कुठल्याच नाही, उपास कोणते, कोणत्या गाण्याने डोळे भरत, कशाचा तिटकारा. निदान लवकर झालं असेल तर मुलांनी अंदाजाने लिहू नये. ज्यांचं पान आहे त्यांनाच, सांगता येतंय तोवर, विचारून घ्यावं.