'फास' पटल-प्रथिन आणि प्रतिपिंडाची निवड : पेशीमृत्यूच्या अभ्यासातील एक पायाभूत प्रश्न

बीजशब्द : पेशीमृत्यू, फास, सीडी-९५, मोनोक्लोनल प्रतिपिंड, नियंत्रण नमुना

प्रस्तावना :
मानवी शरीरात दररोज अब्जावधी पेशी ठरलेल्या क्रमाने नष्ट होतात. या नियोजित पेशीमृत्यूस अपॉप्टॉसिस असे म्हणतात. ही प्रक्रिया अडल्यास कर्करोगाला वाव मिळतो. अनावर झाल्यास निरोगी अवयवांची हानी होते. मृत्यूचा संदेश बाहेरून स्वीकारणाऱ्या पटल-प्रथिनांत 'फास' अर्थात सीडी-९५ हे प्रमुख होय. शिरपूर येथे औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण दिले जाते. वनस्पती-अर्कांचा कर्करोगाच्या पेशींवरील परिणाम तपासू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना फासचा शोध घेण्यासाठी प्रतिपिंड हे मुख्य साधन ठरते. त्याची निवड कोणत्या निकषांवर करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

शोधाची पार्श्वभूमी :
कोहलर व मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये हायब्रिडोमा तंत्र मांडले. त्यामुळे एकाच प्रतिजन-स्थळास ओळखणारे प्रतिपिंड अखंड मिळू लागले. १९८९ मध्ये जपानमधील योनेहारा आणि जर्मनीतील क्रॅमर यांच्या गटांनी मानवी पेशींना मारणारी प्रतिपिंडे स्वतंत्रपणे वर्णिली. फासचे जनुक १९९१ मध्ये नागाता यांच्या गटाने वेगळे केले. म्हणजेच येथे प्रतिपिंड आधी हाती आले व प्रथिनाची ओळख नंतर पटली.

प्रतिपिंडांचे कार्यभेद :
फासला चिकटणारी सर्व प्रतिपिंडे समान कार्य करीत नाहीत. योनेहारा यांचे 'सीएच-११' हे आयजीएम वर्गातील असून ते फासचे अनेक रेणू एकत्र आणते. त्यामुळे पेशीच्या आत कॅस्पेस-८ कार्यान्वित होऊन पेशी मरते. याउलट 'झेडबी-४' हा संदेश रोखते. पेशीच्या आतील टोकास ओळखणारे प्रतिपिंड अखंड पेशीत पोहोचत नाही; त्यासाठी पटल सच्छिद्र करावे लागते. उंदराच्या फासविरुद्धचे 'जो-२' उंदरांना टोचले असता यकृत निकामी होऊन ते काही तासांतच मरण पावले, असे १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रतिपिंड हे केवळ खूण करणारे साधन नाही, हे यावरून स्पष्ट होते.

घ्यावयाची दक्षता :
१) प्रतिपिंडाचा क्लोन, प्राणिजाती आणि कोणत्या चाचणीसाठी ते पारखलेले आहे, हे पाहावे.
२) अनेक प्रतिपिंडांत परिरक्षक म्हणून सोडियम अझाइड असते. ते स्वतःच पेशींना विषारी असल्याने जिवंत पेशींवरील प्रयोगात अझाइडविरहित प्रतिपिंड वापरावे. अन्यथा अझाइडचा परिणाम अर्काच्या नावे नोंदला जाईल.
३) फास असलेल्या जुरकॅट पेशी, फासविरहित पेशी व त्याच वर्गाचे असंबद्ध प्रतिपिंड ही तिन्ही नियंत्रणे ठेवावीत. पुण्यातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचा पेशीसंग्रह संशोधन संस्थांना पेशीमालिका पुरवितो.
४) फास आढळणे म्हणजे पेशी मरणे नव्हे. म्हणून ॲनेक्सिन-५ अथवा कॅस्पेस चाचणीची जोड द्यावी.

समारोप :
अर्क गुणकारी असल्याचा निष्कर्ष प्रतिपिंडाच्या विश्वासार्हतेवर उभा असतो. मर्यादित निधीतून घेतलेल्या महागड्या कुपीचा उपयोग नियंत्रण नमुन्यांवर करणे हा अपव्यय नाही. त्यावाचून उरलेला प्रयोगच निरर्थक ठरतो.