गढूळ पाण्याचा रायगड

सोसायटीतला दिवाळीचा किल्ला बांधणीत फसत नाही, रंगात फसतो. नेरुळ, सानपाडा, खारघर, कुठल्याही आवारात वसुबारसेच्या आधीच्या रविवारी चक्कर मारा. विटा रचलेल्या असतात, त्यांवर बारदान ताणून चिखल फासलेला असतो, माची आणि बालेकिल्ला जागच्या जागी असतात. मग कोणीतरी गेरूचा डबा उघडतं आणि तासाभरात साडेतीनशे वर्षांचा रायगड काल सिडकोने ताबा दिल्यासारखा दिसू लागतो.

गेरूचा त्यात काही दोष नाही. दोष आहे तो जाड लावण्याचा. तोच गेरू दहापट पाण्यात सोडला तर तट म्हातारा करून देतो.

छोट्या प्रतिकृती रंगवणारे जगभरातले छंदिष्ट याला ‘वॉश’ म्हणतात. त्यांचं जग आपल्या अंगणातल्या किल्ल्यापासून फार लांब नाही. १८१२ साली राइसविट्झ नावाच्या एका प्रशियन गृहस्थाने आपल्या राजाला टेबलावर मांडायचा युद्धखेळ सादर केला. त्यात डोंगर, नद्या, गावं यांचे उठावाचे तुकडे होते. १९१३ मध्ये एच. जी. वेल्सने खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम पुस्तकात छापले. १९८३ मध्ये ब्रिटनच्या गेम्स वर्कशॉपने ‘वॉरहॅमर’ आणला. आज त्या छंदासाठी बोटभर बाटल्यांतून तयार वॉश विकले जातात आणि इकडे मागवायचे तर एका बाटलीला काही शे रुपये पडतात. अंगणभर किल्ल्याला अशा बाटल्या आणायच्या म्हणजे दिवाळीचा बोनस तटबंदीवरच जायचा. खरं तर बाटलीत असतं काय? रंगाची बारीक पूड, ती धरून ठेवणारा चिकट पदार्थ आणि भरपूर पाणी.

काम सगळं पाणी करतं. पातळ रंग उंचवट्यावरून ओघळतो आणि दगडांच्या फटींत साठतो. पाणी उडून गेलं की पूड तिथेच राहते. फटी गडद, कडा उजळ. डोळ्याला ती सावली वाटते आणि हातभर भिंत खोल दिसू लागते. मात्र पाण्याला स्वतःचा ताण असतो, ते गुळगुळीत जागी थेंब धरून बसतं. म्हणून वाटीभर वॉशमध्ये भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकायचा. एकच. जास्त झाला तर फेस होतो आणि वाळल्यावर तटावर बुडबुड्यांची वर्तुळं उमटतात.

साधं प्रमाण असं: काळा किंवा तपकिरी पोस्टर कलर एक चमचा, पाणी आठ-दहा चमचे, फेव्हिकॉल पाव चमचा. फेव्हिकॉल हवाच, कारण इतक्या पाण्यात रंगाची स्वतःची पकड उरत नाही आणि वाळल्यावर तो पुडीसारखा हाताला लागतो. फेव्हिकॉल ओला असताना पांढरा दिसतो, वाळला की पारदर्शक होतो; पोरांना हे आधी सांगून ठेवा.

रंग विकत आणायचाच नसेल तर घरात बरंच सापडतं. नारळाच्या करवंटीचा कोळसा कुटून मलमलीतून गाळला की उत्तम काळा मिळतो. दिव्याची काजळी त्याहून बारीक, पण ती पाण्यात मिसळायला तयार नसते, वर तरंगत राहते. पोथ्या लिहिणाऱ्यांनी यावर कधीच तोड काढली होती: काजळी डिंकाच्या पाण्यात घोटायची, चांगली खूप वेळ. तीच शाई पातळ केली की वॉश तयार. गेरू म्हणजे लोहाचं ऑक्साइड. तो जड असल्याने वाटीच्या तळाशी बसतो, म्हणून ब्रश बुडवताना दर वेळी ढवळायचा. चहाचा कोरा, आटवलेला अर्क पुठ्ठ्याच्या तटाला आणि कापडाच्या राहुट्यांना छान मळका रंग देतो, पण त्यावर लवकर बुरशी धरते. लागेल तेवढाच करावा.

माझा सगळ्यात आवडता प्रकार महादरवाज्याचा आहे. आइस्क्रीमच्या काड्यांचा दरवाजा नेहमी कोवळा, पिवळट दिसतो. गंजके खिळे रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. झाकण सैल असू द्या, कारण आत वायू तयार होतो, आणि हे काम मोठ्या माणसानेच करावं. स्टीलचे न गंजणारे खिळे इथे कामाचे नाहीत. आता काड्यांना आधी कडक चहा पाजा, वाळू द्या, मग वरून खिळ्यांचं पाणी फिरवा. बघता बघता लाकूड करडं, मग काळपट होतं. चहातलं टॅनिन आणि लोह एकत्र आले की काळा रंग तयार होतो. हिरडा आणि लोखंड घेऊन कापड काळं करणारे रंगारी हीच युक्ती वापरत आले आहेत.

हळदीपासून मात्र सावध राहा. दगडफुलाचे पिवळे ठिपके द्यायला ती मोहात पाडते, पण तटाला चुना लावलेला असेल तर ठिपके लाल होतात. कुंकू करण्याची जुनी रीतच ती. शिवाय उन्हात हळद उडते. त्यापेक्षा पिवळा पोस्टर कलर जुन्या टूथब्रशवर घेऊन अंगठ्याने शिंतोडे उडवावेत.

आता क्रम. कोरड्या चिखलावर थेट वॉश लावला तर तो फटीत जायच्या आत माती पिऊन टाकते आणि नुसता डाग पडतो. म्हणून आधी फेव्हिकॉलच्या पाण्याचा हात, मग मधल्या राखाडी रंगाचा थर. काळा थर देऊ नका; काळ्यावर सावली दिसणार कशी? तो वाळला की वॉश. तोही पूर्ण वाळला की जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट राखाडी रंग नुसता कडांवरून फिरवायचा. ऑक्टोबरच्या उन्हात दुपारचं काम संध्याकाळपर्यंत वाळतं, पण खाडीकडची हवा दमट. रात्र मध्ये जाऊ दिलेली बरी. परतीच्या पावसाची सर येऊ शकते, तेव्हा ताडपत्री हाताशी असू द्या.

वाळताना डबक्याच्या कडेला गडद रेघ उमटते. कॉफीच्या सांडलेल्या थेंबाची कड गडद का होते, याचं उत्तर शिकागोच्या संशोधकांनी १९९७ मध्ये दिलं: कडेचं पाणी भराभर उडतं, ते भरून काढायला आतलं पाणी कडेकडे धावतं आणि कण सोबत नेतं. नको असलेली रेघ ओलसर कापसाने टिपून घ्या. उभ्या भिंतीवर मात्र हेच ओघळ हवे असतात, कारण खऱ्या तटावर पावसाळ्यानंतर तसेच काळे पट्टे राहतात.

खरा तट पाहायला लांब जायला नको. बेलापूरला किल्ले गावठाणात चिमाजीअप्पांच्या काळात मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून घेतलेला आणि १८१७ मध्ये इंग्रजांकडे गेलेला किल्ला आहे. त्याचे अवशेष पालिका मुख्यालयापासून हाकेच्या अंतरावर आहेत. मुलांना तिथे नेऊन एकच काम सांगा: काळ्या दगडात काळ्याशिवाय कोणते रंग दिसतात ते मोजा. लोहाचा तांबूस गंज, शेवाळाचा वाळलेला हिरवा, चुन्याचा पांढुरका, धुळीचा पिवळट. बेसॉल्टचा किल्ला असेल तर गेरू फक्त ओघळांपुरता; कोकणातला जांभ्याचा जलदुर्ग करत असाल तर मात्र गेरू सढळ हाताने आणि फटींत काळपट तपकिरी. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांत साल्हेर, राजगडासारखे गिरिदुर्ग आहेत, तसे खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्गही. तरी दर वर्षी आवारात सगळे किल्ले एकाच केशरी रंगाचे.

मावळ्यांनाही वॉश लागतो. बाजारातल्या मावळ्यांचे चेहरे एकसारखे गुलाबी आणि चकचकीत असतात. बारीक पॉलिश पेपर हलका फिरवून पातळ तपकिरी वॉश दिला की अंगरख्याच्या चुण्या आणि मिशा उठून दिसतात. मावळा बुरुजापेक्षा उंच का, या प्रश्नाला वॉशकडे उत्तर नाही.

उतारावर मोहरी किंवा अळीव पेरणार असाल तर पेरणी रंगाच्या आधी करा आणि पाणी फवाऱ्यानेच, तटापासून लांब मारा. किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवायचा असल्यास शेवटी तटाला फेव्हिकॉलच्या पाण्याचा आणखी एक हात द्यावा. फेव्हिकॉल घातलेला वॉश पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. कोरडा गेरू मात्र डबीत भरून ठेवा. तो खराब होत नाही.