वाहत्या नदीकाठचा हिशेब

रोजेदाराने दार बंद करून घोटभर पाणी प्यायले तर कोणाला कळणार? तरीही तो पीत नाही. भर उन्हात घसा कोरडा पडतो, पण मगरिबची अजान होईपर्यंत तो थांबतो. रोज्यावर पहारा कोणाचाच नसतो, ज्याचा त्यालाच तो करावा लागतो.

तोच माणूस दुपारी जोहरच्या नमाजपूर्वी वजू करायला, म्हणजे हातपाय-तोंड धुवायला, नळासमोर बसतो. नळ पूर्ण उघडा. मनगटापर्यंत हात, चूळ, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात. मग ओला हात डोक्यावरून फिरवायचा. त्याला वाहते पाणी लागतच नाही, तरी नळ चालूच. शेवटी पाय. खाली बादली ठेवून बघावी, सहज अर्धी भरते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांना वजूसाठी एक ‘मुद्द’ पाणी पुरे, असे हदीसमध्ये आले आहे. मुद्द म्हणजे दोन्ही हातांच्या ओंजळीचे माप, आजच्या हिशेबाने लिटरभराच्या आतले. इब्न माजा यांच्या हदीससंग्रहात आणखी एक प्रसंग आहे. हजरत सअद वजू करत असताना प्रेषितांनी उधळपट्टीबद्दल टोकले. वजूतही उधळपट्टी होते का, असे सअद यांनी विचारले. हो, वाहत्या नदीकाठी असलात तरी होते, असे उत्तर मिळाले.

नदीकाठच्या नाशिककरांना हे उत्तर जरा बोचायला हवे. ‘गोदामाई आहे, गंगापूर धरण आहे’ म्हणत नळ सोडणारे सगळ्याच धर्मांत सापडतात. कोणी गाडी धुतो, कोणी अंगण. धरणातले पाणी पंपाने उचलून, शुद्ध करून नळापर्यंत येते, हे नळ उघडताना आठवत नाही. जिल्ह्यातल्याच मनमाडकरांना मात्र पाण्याचे मोल शिकवावे लागत नाही.

वजूखान्यात ‘पाणी जपून वापरा’ अशी पाटी असते. पाटी बहुधा शेजाऱ्यासाठी लावली आहे, असे वाचणाऱ्याला वाटते! ट्रस्टने आपोआप बंद होणारे नळ बसवावेत, हेही खरे. पण घरच्या नळाला ट्रस्टी कुठून आणायचे?

पूर्वी घरोघरी वजूसाठी टोटीचा लोटा असे. तो एकदा भरायचा आणि त्यातच पाय धुण्यापर्यंत पुरवायचे. पाणी किती उरले, ते हातातल्या वजनावरूनच कळे. लोटे अजूनही बाजारात मिळतात.