लेसरच्या उजेडात रंगद्रव्याचे मोजमाप
वाहत्या पाण्यात रंगद्रव्य कुठे किती मिसळले, हे प्रवाहात काहीही न बुडवता मोजता येते. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसर भिंगांनी पातळ पडद्यासारखा पसरवला, की ऱ्होडामाइन ६जी या रंगद्रव्याचे रेणू तो शोषून काही नॅनोसेकंदांत पिवळसर-नारिंगी चमकतात. कॅमेऱ्यावरचा फिल्टर हिरवा प्रकाश अडवतो. विरळ द्रावणात चमक संहतीच्या प्रमाणात वाढते. म्हणून ठाऊक संहतीच्या द्रावणांची चित्रे आधी घेऊन ठेवली, की पुढे प्रत्येक पिक्सेलवरून संहती काढता येते. खरी डोकेदुखी दाट द्रावणाची. अलीकडचे रेणूच बराच लेसर गिळतात आणि पलीकडचा भाग उगाच फिका दिसतो. शिवाय फ्लुओरेसिन या रंगद्रव्याची चमक आम्लतेनुसार, तर ऱ्होडामाइन बीची तापमानानुसार बदलते. हा तापमानाचा दोष मात्र कामाचा: त्यावरूनच प्रवाहाचे तापमानही मोजतात.