आईचा पापडखार, माझं रामेन

2018मध्ये कंपनीने दीड वर्षासाठी टोकियोला पाठवलं, तेव्हा माझ्या बॅगेत थालीपिठाची भाजणी होती आणि डोक्यात मॅगी. रामेन म्हणजे जपान्यांची मॅगी, हा आपला टिपिकल समज! ताकादानोबाबा स्टेशनजवळच्या एका चिंचोळ्या दुकानात पहिल्याच घोटाला तो उतरला. दारात तिकिटाचं मशीन, आत काउंटरला जेमतेम दहा स्टुलं. कोणी कोणाशी बोलत नाही, नुसते भुरक्यांचे आवाज. मी जाम प्रेमात पडले.

ठाण्याला परत आल्यावर घरी करून बघायचं खूळ डोक्यात शिरलं. पहिल्या प्रयोगात हाडं, सोया सॉस, मीठ, सगळं एकदमच पातेल्यात टाकलं आणि चार तास रटरट उकळलं. पाणी आटलं, मीठ काही आटलं नाही. वर हक्का नूडल्स टाकल्या, त्यांची लापशी झाली. आईने एक घास घेतला, 'छान झालंय' म्हणाली आणि उठली.

तिला दोष कसा देणार? बाबा गेल्यापासून ती तशीही दोन घासांवर आली होती. स्वयंपाकघरात तर फिरकतच नव्हती. रविवारी मी काहीतरी नवीन करायचं आणि तिने 'छान झालंय' म्हणून उठायचं, असं चाललं होतं.

मग एकदा ऑफिसमधून येताना ट्रेनमध्ये आठवलं, तो टोकियोचा आचारी आधी रिकाम्या बाऊलमध्ये काळपट काहीतरी ओतायचा, मग चमचाभर तेल, मग सूप. सगळा फंडा तिथेच आहे, राव! त्या काळपट अर्काला म्हणतात 'तारे'. खारटपणा असतो तो त्यात, सूप बिनमिठाचं. म्हणून ते कितीही तास शिजवा, खारट होत नाही.

तर आता माझी रीत. एक किलो चिकनची हाडं, माना आणि पाय. पाय हवेतच, सुपाला चिकटपणा त्यांनीच येतो. एक उकळी काढून ते पाणी सरळ ओतून द्या, हाडं धुवा. मग अडीच लिटर ताजं पाणी, आलं, लसूण, पातीचा कांदा आणि सगळ्यात मंद गॅसवर चार तास. अधूनमधून एखादा बुडबुडा आला पाहिजे, बस्स. जोरात उकळलंत की चरबी सुपात मिसळून ते पांढरट होतं. जपानात तेही मुद्दाम करतात, त्याला 'पाइतान' म्हणतात. पण माझं चुकून झालं होतं!

तारेसाठी सुके शिताके मशरूम रात्रभर भिजवायचे. ते अर्धी वाटी पाणी, अर्धी वाटी जपानी सोया सॉस आणि चमचाभर साखर, पाच मिनिटं उकळायचं. (चायनीज गाडीवरचा काळा सॉस नको, नुसता रंग येतो.) 1908मध्ये किकुनाए इकेदा यांनी कोंबू या समुद्री शेवाळातून जी 'उमामी' चव शोधली, तीच सोया सॉसमध्येही असते. मशरूम आणि चिकनच्या जोडीने ती आणखी चढते. 300 मिली सुपाला पोह्याचे तीन चमचे तारे पुरतो.

वरून कोंबडीच्या चरबीत लसूण तळून काढलेलं तेल. 'म्हणजे फोडणी, पण शेवटी!' आई सोफ्यावरून म्हणाली. मी कान टवकारले. ती ऐकत होती तर.

नूडल्सपाशी गाडी पुन्हा अडली. रामेनच्या नूडल्समध्ये 'कानसुई' नावाचं क्षारयुक्त पाणी असतं. त्यानेच त्या पिवळसर आणि चिवट होतात. घाईत असाल तर बारीक स्पॅगेटी सोडा घातलेल्या पाण्यात उकळा, लिटरला दोन छोटे चमचे. भांडं मोठं घ्या, भसाभसा उतू जातं. मी तेच करणार होते. आईला नुसतं सांगितलं, क्षार लागतो म्हणून.

'अगं, मग पापडखार घाल की!'

आणि ती उठली. किती महिन्यांनी फळीवरचा डबा तिने स्वतः काढला. दोनशे ग्रॅम मैदा, अर्धा छोटा चमचा पापडखार, अर्धा चमचा मीठ, जेमतेम 80 मिली पाणी. कणिक इतकी घट्ट की मला मळताच येईना. 'सरक', म्हणाली. पापडाचं पीठ कुटलेले हात ते! मैदा बघता बघता पिवळसर झाला. तासभर झाकून ठेवलं, मग तिने पातळ लाटून सुरीने बारीक कापलं. उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, संपलं.

साडेसहा मिनिटं उकडलेलं, सोया सॉसमध्ये रात्रभर मुरलेलं अर्धं अंडं, थोडी पात. मी तिला सांगितलं, जपानात भुरके मारले तरी चालतं.

तिने अख्खा बाऊल संपवला. तळातलं सूपसुद्धा उचलून प्यायली. मग तोंड पुसत म्हणाली, 'पाणी जरा जास्तच झालं गं. पुढच्या रविवारी रात्रीच मळून ठेवू.'