केबल सोन्याची की कामाची?

घरातल्या टीव्हीच्या मागे कधी डोकावून पाहिलंय? तारांचं नुसतं जंजाळ! आणि आपण वाकलो रे वाकलो, की आई म्हणणार, "हात लावू नकोस!" आज मात्र आई-बाबांना सोबत घेऊनच डोकावायचं. कारण प्रश्न घरच्या पैशांचा आहे.

समजा, तुमच्याकडे एचडी सेट-टॉप बॉक्स आहे. बाबा दरमहा एचडी वाहिन्यांचे जादा पैसे भरतात. पण बॉक्सपासून टीव्हीपर्यंत जाणारी तार पिवळ्या, पांढऱ्या नि लाल टोकांची असेल, तर ते पैसे चक्क वाया जातात! पिवळ्या तारेतून चित्र जातं, पांढऱ्या नि लाल तारांतून डावा-उजवा आवाज. ही जुनी अ‍ॅनालॉग पद्धत. एचडी चित्रातले बारकावे त्या पिवळ्या तारेतून जातच नाहीत. त्यासाठी हवी एचडीएमआय केबल. तिच्या टोकात १९ बारीक पिना असतात आणि चित्र व आवाज दोन्ही एकाच केबलमधून जातात. ती लावा, रिमोटनं टीव्हीवर 'एचडीएमआय' निवडा, आणि फरक बघा!

आता केबल आणायला दुकानात गेलात. एक केबल साधी. दुसरी सोनेरी टोकांची, देखण्या खोक्यातली आणि कितीतरी महाग. "हिनं चित्र जास्त झकास दिसेल," दुकानदार म्हणतो. खरंच दिसेल का?

एक खेळ खेळू या. मैदानाच्या एका टोकाला मंदा, दुसऱ्या टोकाला सलीम. मंदानं गाणं म्हणायचं. वारा आहे, पोरांचा गलका आहे. सलीमपर्यंत सूर थोडा थोडा बिघडतच पोचतो. हे झालं अ‍ॅनालॉग.

आता मंदाच्या हाती झेंडा द्या. झेंडा वर म्हणजे १, खाली म्हणजे ०. असे आकडे पाठवून ती निरोप देते. धुकं पडलं, झेंडा अंधुक दिसू लागला. तरी तो वर आहे की खाली, एवढं कळलं की पुरे! निरोप अगदी जसाच्या तसा पोचतो. धुकं फारच दाट झालं, तर मात्र आकडे चुकतात आणि निरोप तुटतो. हे झालं डिजिटल.

एचडीएमआय केबलमधून असेच ० आणि १ धावतात. म्हणून खराब केबलनं चित्र 'जरासं फिकं' होत नाही. पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात, मध्येच पडदा काळा होतो, नाहीतर चित्र येतच नाही. आणि निरोप नीट पोचत असेल, तर झेंड्याची काठी सोन्याची केली म्हणून तो आणखी चांगला होईल का? सोन्याच्या मुलाम्यानं टोकाला गंज चढत नाही, एवढाच त्याचा फायदा. रंग काही खुलत नाहीत!

मग केबल घेताना बघायचं काय?

पहिलं, वेग. एचडी चित्रात १९२० गुणिले १०८० ठिपके असतात, फोर-के चित्रात ३८४० गुणिले २१६०. गुणाकार करून बघा बरं! बरोबर चौपट. एवढे ठिपके वाहून न्यायचे, तर केबलही तशीच हवी. एचडीसाठी 'हाय स्पीड' केबल पुरते. फोर-के टीव्हीसाठी 'प्रीमियम हाय स्पीड' घ्यावी; ती सेकंदाला १८ गिगाबिट, म्हणजे १८०० कोटी ०-१ नेते. ४८ गिगाबिटांची 'अल्ट्रा हाय स्पीड' लागते ती एट-के टीव्हीला किंवा अगदी नव्या खेळयंत्रांना. प्रीमियम नि अल्ट्रा केबलच्या खोक्यावर तपासणीचं लेबल आहे ना, ते बघा.

दुसरं, लांबी. मैदान जेवढं लांब, तेवढा झेंडा दिसणं कठीण. म्हणून हवी तेवढीच लांब केबल घ्या. फार लांब केबलची काही वेळा दोन टोकं वेगवेगळी असतात: एक बॉक्सकडचं, एक टीव्हीकडचं. उलटी लावली तर चालत नाही, बरं का!

तिसरं, जागा. टीव्हीला साउंडबार जोडायचा असेल, तर टीव्हीच्या ज्या खाचेवर 'एआरसी' लिहिलंय तिथेच केबल लावा. तिथून टीव्हीचा आवाज उलट साउंडबारकडे येतो. तशी सोय नसेल, तर ऑप्टिकल केबल वापरतात. तिच्यातून वीज नव्हे, चक्क उजेड धावतो! म्हणून ती कधी करकचून दुमडू नये.

चला तर, या रविवारी एक सुतळी घ्या. बॉक्सपासून टीव्हीपर्यंतचं अंतर मोजा. टीव्ही एचडी आहे की फोर-के, कागदावर लिहा. तो कागद घेऊन आई-बाबांबरोबर दुकानात जा. आणि दुकानदारानं सोनेरी खोकं पुढे केलंच, तर त्याला मंदाच्या झेंड्याची गोष्ट सांगा. सांगाल ना?