वडिलोपार्जित घर आवरताना : मोडीचा भाव आणि वस्तूचे मोल

घरातील अखेरची वडीलधारी व्यक्ती गेल्यावर किंवा इमारत पुनर्विकासाला गेल्यावर वारसांपुढे तीन-चार पिढ्यांचा संसार थोड्या दिवसांत आवरण्याचे काम उभे राहते. मुले परगावी किंवा परदेशी असतात, नवी सदनिका लहान असते. अशा घाईत सारे सामान एकाच व्यापाऱ्याला ठोक रकमेत देण्याचा मोह होतो. मग घंगाळ, बंब आणि समया मोडीच्या भावाने जातात आणि कागदपत्रे रद्दीत. वितळलेली समई आणि लगदा झालेली रोजनिशी पुन्हा मिळत नाही. म्हणूनच या कामात विक्रीपेक्षा वर्गवारी महत्त्वाची ठरते.

वर्गवारी कशी करावी?

पहिली पायरी वारसांच्या संमतीची. मृत्युपत्र नसल्यास घरातील वस्तूंवर सर्व कायदेशीर वारसांचा हक्क असतो. त्यामुळे छायाचित्रांसह यादी करून ती सर्वांना दाखवणे हिताचे. त्यानंतर कपाटांचे खण, ट्रंका आणि पुस्तकांची पाने तपासावीत. त्यांत दागिन्यांपासून जुन्या समभागांच्या प्रमाणपत्रांपर्यंत काहीही निघू शकते. सलग सात वर्षे लाभांश न घेतलेले समभाग सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात, तरी वारसांना त्यांवर दावा करता येतो. हे झाल्यावरच ठेवायचे, विकायचे, दान द्यायचे आणि टाकायचे असे चार भाग पाडावेत.

कायदा काय सांगतो?

पुरावशेष आणि कलानिधी कायदा, 1972 नुसार शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, चित्रे, नाणी व कलावस्तू पुरावशेष ठरतात. ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाच्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा 75 वर्षांची आहे. शिल्पे, चित्रे, सचित्र हस्तलिखिते अशा अधिसूचित प्रकारांची नोंदणी बंधनकारक असून नोंदणीकृत वस्तूचे हस्तांतर कळवावे लागते. देशांतर्गत विक्रीस मुभा आहे. मात्र पुरावशेषांचा व्यापार करणाऱ्याकडे परवाना हवा. खासगी व्यक्तीला पुरावशेष देशाबाहेर नेता येत नाही. आजीच्या देव्हाऱ्यातील शतकापूर्वीची मूर्ती परदेशी राहणाऱ्या नातवाने सामानात घालून नेणे हाही गुन्हाच ठरतो.

हस्तिदंती वस्तू आणि वाघाचे कातडे यांना वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 लागू होतो. त्यांची विक्री करता येत नाही; वारशाने मिळाल्यास 90 दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे तसे घोषित करावे लागते.

नवे घर कोणते?

मुंबईचा चोर बाजार, कोलकात्यातील रसेल स्ट्रीटवरील लिलावघरे, कोचीतील ज्यू टाऊन ही या वस्तूंची जुनी ठिकाणे. तमिळनाडूतील चेट्टिनाडमध्ये नगरथार व्यापारी कुटुंबांनी बांधलेल्या अनेक हवेल्यांवर आज बहुसंख्य वारसांचा सामाईक हक्क आहे. पाडलेल्या वा रिकाम्या झालेल्या हवेल्यांतील सागवानी खांब, दारे आणि मुलाम्याची भांडी कारैकुडीच्या दुकानांतून नव्या घरांत पोहोचतात. वस्तू वाचते, परंतु ती कोणत्या घरातील होती ही माहिती बहुधा वाटेतच गळते. त्यामुळे देताना वस्तूचा उपयोग, काळ आणि गाव लिहिलेली चिठ्ठी सोबत जोडावी.

बाजारात ज्यांना किंमत नाही, त्या वस्तूंसाठी संस्थांची वाट मोकळी आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाची ख्याती अडकित्ते, दिवे आणि स्वयंपाकाची भांडी अशा रोजच्या वापरातील वस्तूंवरच उभी आहे. मोडी लिपीतील दप्तरे आणि जुना पत्रव्यवहार 1910 मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांच्या अभ्यासाचा विषय आहेत. मात्र जागेअभावी कोणतीही संस्था सर्वच वस्तू स्वीकारत नाही. त्यामुळे सामान पाठविण्यापूर्वी छायाचित्रे व यादी पाठवून विचारणा करावी, आणि उत्तर येईपर्यंत कागदांचा गठ्ठा रद्दीवाल्यापासून दूर ठेवावा.